शालीखालचा सूर

आजवर हे माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही सांगितलं नाही. विहारात डोळे मिटून बसतो — तिथं नको नको ते मनात येतं, पण हे आलं की मी डोळे उघडतो आणि पंख्याकडं बघत बसतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर तुमच्यापुढंही मी तेच केलं असतं — हात जोडले असते, मान खाली घातली असती, डोळ्यांत थोडं पाणी आणलं असतं. ते मला फार चांगलं जमतं.

परवा सिद्रामचा स्मृतिदिन झाला. दरवर्षी होतो. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात स्टेज घालतात, त्याचा मोठा फोटो ठेवतात, पुढं मेणबत्त्या. फोटोच्या शेजारी एक खुर्ची असते — ती माझी. माझ्या गळ्यात निशिगंधाचा हार पडतो. त्या वासानं मला मळमळतं. लोकांना वाटतं मास्तर गहिवरले. आणि मीही त्यांना तसं वाटू देतो — हे ऐकून तुम्हाला किळस येतेय का? थांबा, अजून काहीच सांगितलेलं नाही.

सिद्राम कोण, ते आधी सांगतो. सोलापुरात जयंतीची गाणी ऐकत जे मोठे झाले, त्यांना सांगायची गरज नाही. दिवसा मार्केट यार्डात हमाली करायचा आणि संध्याकाळी गायचा. माइक बंद पडला तरी माणसं जागची उठायची नाहीत, कारण वरच्या सुरात गेलेला त्याचा शब्द मांडवाच्या शेवटच्या टोकाला जसाच्या तसा पोचायचा. जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक त्याला सोडायला तयार नाहीत. जुन्या कॅसेटवरची गाणी पोरांनी मोबाईलवर चढवलीत. खाली लोक लिहितात, असा गळा पुन्हा होणे नाही. गेल्या वर्षी जुळे सोलापुरात एका रिक्षात बसलो, तर आरशाच्या वर सिद्रामचा फोटो. मी त्याची पेटी वाजवायचो म्हटल्यावर त्या रिक्षावाल्यानं रिक्षा बाजूला घेतली, खाली उतरला आणि माझ्या पायाला हात लावला. मग मला विचारतो, "तुमी बाजूला बसायचा व्हय त्यांच्या? मग शेवटी शेवटी त्यांनी असं का केलं वो?"

असं का केलं. मी काय सांगितलं असेल? मी मान हलवली आणि म्हणालो, नशीब. शी.

मी शाळेत क्लार्क होतो, आता रिटायर आहे. आमच्या गाण्याच्या पार्टीत मी पेटीमास्तर, नागनाथ ढोलकावर आणि एक बँजोवाला. गाणार सिद्राम. त्याची जी गाणी आज लोक गुणगुणतात, त्यातल्या बऱ्याच चाली माझ्या आहेत. हे खरं आहे, आणि हेच सगळ्या घाणीचं मूळ आहे. पहिली कॅसेट निघाली तेव्हा वरच्या कागदावर त्याचं नाव मोठ्या अक्षरात आणि माझं कुठंच नाही. सिद्रामला दाखवलं तर तो बिचारा ओशाळला. म्हणाला, पुढच्या कॅसेटला घालायला लावू की मास्तर. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या होतं. चाल माझी, टाळ्या त्याला — हे मी किती वर्षं चघळत होतो, कुणास ठाऊक. वर त्याच्याच घरी जाऊन त्याच्याच ताटात जेवतही होतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सिद्राम आधी प्यायचा. लई प्यायचा. वहिनी, म्हणजे त्याची बायको, पोरीला घेऊन कुंभारीला माहेरी निघून गेल्या होत्या. मग एके दिवशी त्यानं विहारात सगळ्या वस्तीसमोर, भंतेजींच्या पुढं बसून पंचशील घेतलं आणि बाटली सोडली. खरंच सोडली. वहिनी परत आल्या, पण एका अटीवर. कार्यक्रमाहून आला की उंबऱ्यात थांबायचं, तोंड उघडायचं, त्या वास घेणार, मगच आत. आम्ही पेटी-ढोलक घेऊन मागं उभे असायचो आणि हा एवढा मोठा गडी शाळकरी पोरासारखा आ करून उभा. हसायचा. त्याही हसायच्या. आम्ही चेष्टा करायचो, पण खरं सांगू, त्या उंबऱ्यावर त्या दोघांचा संसार उभा होता. हे मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आता पेटी. आमची पेटी स्केल चेंजर होती. म्हणजे पट्ट्यांचा अख्खा भाग जरा उचलून उजवी-डावीकडं सरकवता येतो. बोटं रोजच्याच पट्ट्यांवर फिरतात, पण सूर चढतो नाहीतर उतरतो. समोरून बघणाऱ्याला काही कळत नाही. सिद्राम काळी दोनच्या सुरात गायचा. तिथं त्याचा गळा सुखानं बसायचा. तो कुणाकडं शिकलेला नव्हता. मी सूर दिला की डोळे मिटायचा आणि त्यात शिरायचा. सूर कुठला दिलाय हे त्यानं मला कधीच विचारलं नाही. आईनं वाढलेलं ताट कुणी तपासून बघतं का?

टेंभुर्णीच्या अलीकडं एका गावात नवीन विहाराचं उद्घाटन होतं. भर दुपारचा कार्यक्रम, एप्रिलातलं ऊन, वर कापडी मांडव. बाहेरून भंतेजी आलेले. बँजोवाला त्या दिवशी लग्नाच्या कार्यक्रमाला गेला होता — तो असता तर बँजोचा सूर पेटीशी जुळला नसता आणि मी सापडलो असतो, लगेच. पण तो नव्हता. आणि जयंतीचा महिना, रोज कुठं ना कुठं गाणं, त्यामुळं सिद्रामचा गळा आधीच दुखरा झालेला. सकाळपासून लवंग चघळत होता. दुसरं काही त्याच्या तोंडात गेलं नव्हतं. जीपमध्ये मी त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो, मला माहीत आहे.

अर्धा कार्यक्रम झाल्यावर सत्कार सुरू झाले. सिद्रामला शाल. नागनाथला गुलाबाचं फूल. मग निवेदक म्हणाला, "आणि त्यांचे साथीदार," आणि पुढच्या नावाकडं गेला. मला फूलही नाही. एवढंच. एवढ्याशा गोष्टीवरून — आज सांगतानाही लाज वाटते की ती गोष्ट एवढीशी होती. सिद्राम परत आला, खांद्यावरची शाल काढली आणि माझ्या पेटीवर टाकली. "धर जरा मास्तर, उकडतंय," म्हणाला. तो मागं वळून पाणी प्यायला. समोर कुठल्या तरी पाहुण्यासाठी टाळ्या चालल्या होत्या.

मी शालीखाली हात घातला आणि पट्ट्या दोन घरं वर सरकवल्या.

झालं. सांगून टाकलं. तुम्हाला वाटत असेल, एवढंच? मलाही तसं वाटून घ्यायचं होतं. जरा जिरवावी, एक दिवस साथीदार काय असतो ते कळू दे — असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय. पण तेही खोटं आहे. मला तो लोकांसमोर पडलेला बघायचा होता.

आणि तो पडला. मुखडा त्यानं ओढूनताणून काढला. अंतऱ्यात वर गेला आणि गळा फाटला. त्यानं हसून घसा खाकरला, पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हाताचा तळवा खाली दाबल्यासारखा केला — म्हणजे सूर खाली घे. मी मान डोलावली. पट्ट्या उचलल्या, जरा खडखड केली, त्याला ऐकू जाईल अशी — आणि होत्या त्याच घरात पुन्हा बसवल्या.

पहिलं एकवेळ रागाच्या भरात झालं असेल. पण हे? हे मी थंड डोक्यानं केलं, त्याच्या डोळ्यांत बघत. त्याला वाटलं, मास्तरनं सूर उतरवलाय. उतरवूनही जमेना, म्हणजे आपला गळाच गेला. तो विश्वासानं पुन्हा वर गेला. यावेळी जो आवाज निघाला त्याला गाणं म्हणायचं नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "प्यालाय त्यो." पुढं बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. विहाराचं उद्घाटन, भंतेजी समोर, आणि गाणारा पिऊन आलेला. भंतेजींनी डोळे मिटून घेतले. सिद्राम माइक धरून तसाच उभा. माझ्याकडं बघेना, कुणाकडंच बघेना. कमिटीच्या माणसांनी हाताला धरून त्याला स्टेजवरून खाली उतरवलं. मी शालीची घडी घालत होतो.

परतीच्या वाटेत जीपमध्ये, मोहोळच्या पुढं नागनाथ हळूच म्हणाला, आज माझा ढोलक लई उतरल्यासारखा लागत होता. मी म्हणालो, दोऱ्या सैल झाल्या असतील. तो बिचारा दुसऱ्या दिवशी अंगणात बसून दोऱ्या ओढत होता. सिद्राम आपल्या गळ्याला दोष देत होता, नागनाथ आपल्या ढोलकाला. फक्त मी निवांत.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. वहिनी दारातच होत्या. त्या गावात त्यांची मावशी, तिचा फोन आमच्या आधी पोचला होता. सिद्राम उंबऱ्यात थांबला, रोजच्यासारखं तोंड उघडलं. त्यांनी वास घेतला. लवंगेचा वास. आता तुम्हीच सांगा, लवंग कोण खातं? गाणारा खातो. आणि पिऊन आलेला खातो.

"लवंग कशाला खाल्लीय?" वहिनींनी विचारलं.

तो म्हणाला, गळ्यासाठी, रोजच तर खातो. त्यांच्या तोंडाकडं बघून त्याला कळलं की हे पुरणार नाही. मग तो माझ्याकडं वळला. पेटी माझ्या हातात होती.

"मास्तर, सांग की हिला. तू बाजूलाच व्हतास की. सकाळपासनं मी काय घेतलंय का?"

नाही वहिनी, एक थेंब नाही. एवढंच म्हणायचं होतं. पण दारू नाही तर मग आवाज का फाटला? हा प्रश्न आला असता. आज ना उद्या कुणीतरी पेटीकडं बघितलं असतं. दारू म्हटली की सगळं संपत होतं, कुणाला काही विचारायचं उरत नव्हतं.

"मी पेटीत होतो, वहिनी," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

सिद्राम माझ्याकडं बघत राहिला. रागानं नाही. त्याला खरंच वाटलं असेल, मास्तरचं लक्ष नसेल. वहिनी बाजूला झाल्या, तो आत गेला. त्या दिवसापासून त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेणं सोडलं. तो उंबऱ्यात थांबायचा काही दिवस, त्या आतूनच म्हणायच्या, या की आत, मला काय करायचंय. मग त्यानंही थांबणं सोडलं.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. विहाराच्या उद्घाटनात पिऊन गेलेल्या माणसाला कोण बोलावणार? एकेक करत कार्यक्रम बंद झाले. डॉक्टरनं घसा बघून सांगितलं, काही झालेलं नाही, आराम करा. पण तो वर जायलाच भ्यायला लागला. गळा जागेवर होता, भरवसा गेला होता. मी शेजारी बसून पेटीवर काळी दोन धरायचो, अगदी बरोबर काळी दोन, आणि तो अंतऱ्याशी येऊन थांबायचा. मला म्हणायचा, नको मास्तर, तिथं पडतोय मी.

मग तो खरंच प्यायला लागला. जो गुन्हा केला नव्हता त्याची शिक्षा भोगतच होता, मग गुन्हाही करून टाकला. लोक म्हणाले, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मीही म्हणालो. त्याच्या मयताला जमलेल्या माणसांत उभा राहून, माझ्या तोंडानं.

मधल्या काळात मी पुढं बसून गाऊन बघितलं. तेच तर हवं होतं ना मला? लोक दोन गाणी ऐकायचे आणि म्हणायचे, सिद्रामचं ते म्हणा. दुसऱ्यांदा बोलावणं यायचं नाही. तो जिवंत असताना त्याच्या शेजारी बसून मला कुणी विचारलं नाही. मेल्यावर त्याच्या फोटोशेजारी बसलो आणि मोठा झालो. आता मी त्याच्या आठवणी सांगणारा माणूस आहे. गावोगावी बोलावतात, शाली देतात. घरी कपाट उघडलं की शालीच शाली. एकही अंगावर घेववत नाही आणि एकही नाकारत नाही.

भाषण ठरलेलं आहे. देवदुर्लभ गळा, बाटलीनं घात केला. त्या विहाराच्या दुपारचा प्रसंग मी असा रंगवून सांगतो की माणसं हुंदके देतात. "माझ्या डोळ्यांदेखत तो आवाज फुटला," असं म्हणतो आणि थांबतो. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळतं, शेवटी मी पेटीवाला. एकदा एक जण स्टेजजवळ येऊन म्हणाला, मास्तर, तुमचं भाषण ऐकून मी दारू सोडली. आता म्हणाल, तेवढं तरी चांगलं झालं की. नका म्हणू. मी ते म्हणून बघितलंय रात्र-रात्र. त्यात काही नाही.

वहिनी या कार्यक्रमाला कधीच आल्या नाहीत. मुलीचं लग्न झालं, ती जुळे सोलापुरात असते, त्या तिच्याकडंच राहतात. नवऱ्याचं नाव काढलं की विषय बदलतात, असं पोरगी सांगायची. परवा मात्र पोरगी त्यांना घेऊन आली. पुढच्या रांगेत बसवलं. केस पांढरे, हातात रुमाल. मी स्टेजवरून बघितलं आणि माइक जवळ ओढला.

आणि मी काय केलं? भाषण बदललं? एक शब्द तरी गाळला? उलट, परवासारखं मी कधीच बोललो नसेन. त्या समोर होत्या म्हणून असेल, गळा आपोआप भरून आला. बाटली, घात, फुटलेला आवाज — सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, माणूस चुकला, पण कलावंत मोठा होता, त्याला मोठ्या मनानं माफ करा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

जेवणाच्या रांगेत वहिनी माझ्यापाशी आल्या. पोरगी मागं थांबली. त्यांनी माझा हात हातात घेतला. हात गरम होता.

"भावजी," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सं मी त्यांना माफ केलं न्हवतं. पंचशील घिऊन माणूस विहारात पिऊन जातोय, म्हंजे काय? पुढं प्याले त्याचं मला येवढं न्हाय वाटलं. पर त्या दिवशीचं न्हाय विसरता आलं. दवाखान्यात शेवटी माझा हात धरून म्हणत व्हते, त्या दिवशी मी पेलो न्हवतो गं, लवंगच व्हती. मी हात सोडवून घेतला. म्हटलं, मरतानाबी खोटंच बोलतोय ह्यो माणूस." रुमालानं तोंड पुसलं त्यांनी. "आज तुमचं ऐकलं आन् वाटलं, जाऊ द्या. केलं मी त्यांना माफ."

माझ्या पुढं वाढपी ताट घेऊन उभा होता. गळ्यात हार तसाच होता. वहिनींचा हात माझ्या हातात होता, आणि ते एक वाक्य माझ्या जिभेवर होतं — तेच, उंबऱ्यावरचं, एक थेंब नाही म्हणून सांगायचं.

"बरं केलंत, वहिनी," मी म्हणालो.

त्या गेल्या. मी हार काढला नाही, तसाच पंगतीत बसलो. मसालेभात खाल्ला. बुंदी चांगली झाली होती, ती पुन्हा मागून घेतली.